‘पास सापडला नाही, आता भरपाई विसरा’ हे खोटं आहे

लोकलमधून पडून कुणी दगावलं की घरच्यांच्या फोनवर एक मेसेज येतोच: "खिशात तिकीट नसलं किंवा माणूस दारात उभा असला, तर रेल्वे एक पैसा देत नाही. नाहीतर रेल्वेच्या हद्दीत दगावलेल्या प्रत्येकाचे आठ लाख मिळतात." आधीच कोसळलेलं घर हे वाचून अर्जच करत नाही, याचा संताप येतो.

तिकिटाचं आधी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ च्या निकालात सांगितलंय की, नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून माणूस विनातिकीट ठरत नाही. घरच्यांनी शपथपत्रावर तपशील द्यायचा: कुठून कुठे चालला होता, तिकीट होतं की पास, कधी काढला. ते खोडून काढणं मग रेल्वेचं काम. शपथपत्र मोघम असलं की दावा इथेच ढासळतो. घरातले जुने पास शोधा, त्यांवर ओळखपत्राचा क्रमांक असतो. तिकीट मोबाइलवर काढत असेल, तर फोनचा चुराडा झाला तरी सिम बंद करू नका. नोंद त्याच नंबरावर असते.

"दारात उभा होता, चूक त्याचीच." ही भरपाई ज्याखाली मिळते, त्या रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ मध्ये चूक कुणाची हे बघितलंच जात नाही. अपवाद आहेत ते आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि आजारपण. गाडीत चढता-उतरताना पडणं ही ‘स्वतः करून घेतलेली इजा’ नव्हे, हेही त्याच निकालात आहे.

आठ लाखांची गोष्ट अर्धीच खरी. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ती रक्कम आहे, जखमींना इजेनुसार ठरते. पण रूळ ओलांडताना गाडीने उडवलं तर हे कलम लागत नाही. म्हणून स्टेशन मास्तरचा मेमो, म्हणजे अपघाताची त्याने दिलेली लेखी खबर, नीट वाचा. पडताना कुणी पाहिलं नसेल, तर तिथे ‘रूळ ओलांडताना’ असं लिहिलं गेलेलं असू शकतं, आणि पुढे रेल्वे त्याच ओळीवर लढते. मेमो, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लोहमार्ग पोलिसांकडून घ्या. पोल नंबर, म्हणजे अपघाताच्या जागेजवळच्या रुळालगतच्या खांबाचा क्रमांक, बघा: तो दोन स्थानकांच्या मधला असेल, जवळपास वस्ती किंवा पायवाट नसेल, तर तिथे रूळ ओलांडायला कोण जाईल? हे अर्जात लिहा, सोबतच्या प्रवाशाचा जबाब जोडा.

दावा साध्या दिवाणी कोर्टात चालत नाही. तो रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा; महाराष्ट्रात त्याची पीठं मुंबईत आणि नागपुरात आहेत. मुदत अपघातापासून एक वर्ष. ती उलटली असेल तरी उशिराचं सबळ कारण लेखी देऊन अर्ज करा.