बड्या धेंडांना इंग्रजीतून कसे आळवावे

पुण्यात एखादा समारंभ योजायचा असेल आणि त्याला कोणी वजनदार पाहुणा यायचा असेल, तर त्याला मराठीत 'बडे प्रस्थ' म्हणण्याची चूक कृपा करून करू नका, कारण त्यातली खोच त्याला लगेच कळेल. गेल्या रविवारी कोथरूडमधल्या एका सत्कार सोहळ्यात निवेदकाने प्रमुख पाहुण्यांना 'शहरातले बिगविग' म्हटले आणि पाहुणे प्रसन्नपणे मान डोलवू लागले. जुन्या काळी इंग्लंडमधले सरदार आणि न्यायाधीश डोक्यावर जे भले मोठे केसांचे टोप चढवत, त्यांची थट्टा या शब्दात आहे; निवेदक 'बडा टोप' म्हणाला असता, तर तेच पाहुणे उठून गेले असते.

'बिग चीज' म्हणायलाही हरकत नाही. हा शब्द मुळात आपल्याकडच्या 'क्या चीज है'मधल्या फारसी 'चीज'वरून गेला असे मानतात, म्हणजे आपलीच चीज आपण लोणी लावून परत घेतो. 'मोगल' जरूर म्हणावे, फक्त शनिवारवाड्यासमोर म्हणू नये. 'फॅट कॅट' मात्र टाळा, मांजर सगळ्यांना कळते.

सर्वांत गुणकारी शब्द 'व्हीआयपी'. तो कागदावर छापून खुर्चीच्या पाठीला चिकटवला, की त्या खुर्चीवर आधीच बसलेला माणूस आपोआप अदृश्य होतो. माझी ७८ वर्षांची आत्या पावणेसहालाच येऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला एका स्वयंसेवकाने काठीसकट उठवून, पंख्याचा वाराही पोहोचत नाही अशा शेवटच्या रांगेत नेऊन बसवले. पाहुणे आले सात वाजून वीस मिनिटांनी, भाषण केले अकरा मिनिटे, आणि सत्कारमूर्तींचे मनोगत सुरू होण्याआधीच 'पुढच्या कार्यक्रमाला' निघून गेले. गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले म्हणतात. ते या खुर्च्यांवर येऊन बसले असावेत.

संयोजकहो, आत्याला उठवून मोकळ्या केलेल्या त्या रांगेतल्या बारा खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. एका म्हातारीला परत पुढे आणून बसवावे, एवढेही तुमच्यापैकी एकाला सुचले नाही, आणि वर आभारप्रदर्शनात 'रसिक मायबाप' म्हणताना तुमची जीभही अडखळली नाही. पुढच्या वेळी पत्रिकेवर सहाची वेळ छापलीत, तर सहाला पडदा उघडा, तुमचा टोपवाला आलेला असो वा नसो.