सोलापूरकरांनी ट्रेक कसा निवडावा

डोंगर निवडायचं स्वातंत्र्य सोलापूरकराइतकं कुणालाच नाही, कारण आपल्या नजरेच्या टप्प्यात डोंगरच नाही. किल्ला आहे, तोही भुईकोट. पुण्याच्या माणसाला सिंहगड दिसत असतो, त्यामुळे त्याच्या मनात चढाचा थोडा धाक असतो. आपण त्यातून मोकळे. म्हणून सोपा, मध्यम, कठीण असल्या श्रेण्या वाचत बसू नका. रील पाहा.

हरिहर गडाचं रील उत्तम. कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, खोबणीत बोटं रुतवून चढणारी पोरं, मागे ढग. त्याच पायऱ्यांनी उतरायचंही असतं आणि तेव्हा खालून रविवारची गर्दी वर येत असते, हे रीलमध्ये येत नाही. गेल्यावर कळेलच. आतापासून कशाला मन खराब करायचं?

एखादा शहाणा सांगेल की श्रेणी गडाची नसते, वाटेची असते. हरिश्चंद्रगड पाचनईकडून वेगळा आणि नळीच्या वाटेनं वेगळा. त्याला ग्रुपमधून काढा. दुसरा म्हणेल, अलंग-मदन-कुलंगला दोर लागतो, शिकलेला माणूस लागतो. त्याला आपलं ठरलेलं उत्तर द्या: "काय होतंय बे!"

सरावाचं म्हणाल तर तो आपल्या रक्तातच आहे. कोजागरीला सोलापुरातून माणसं तुळजापूरला चालत जातात, सुमारे ४५ किलोमीटर. त्यात साध्या चपलेतल्या आज्यासुद्धा असतात. तुम्ही कधी गेला नसाल, पण गाव जातं ना? तेवढा दम तुमच्या नावावर जमा धरायला हरकत नाही.

ऋतूचा मात्र नीट अभ्यास करा. जुलैत सकाळी गच्चीवर जा आणि आभाळ पाहा. इथे कोरडं असेल तर सह्याद्रीतही कोरडंच असणार. आपला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. जुलैतले ढग घाटमाथ्यावर रिते होऊन आपल्याकडे नुसती सावली धरायला येतात. ते तिथे रिते होतात म्हणजे नेमकं काय होतं, हा विचार रेनकोट घरी ठेवून, रात्रभर बसमध्ये जागून, पहाटे पायथ्याला उतरल्यावर करा. शेवाळलेल्या कातळावर पहिलं पाऊल टाकलं की उन्हाळ्यातला 'सोपा' ट्रेक किती श्रेण्या वर गेलाय ते आपोआप समजतं.

जुलैतच जायचं तर सांदण दरी का सोडता? दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मधून अरुंद वाट. पावसाळ्यात ती वाट पाण्याला लागते, म्हणून गावकरी जाऊ नका म्हणतात. गावकऱ्यांना काय कळतंय?

मे महिनाही वाईट नाही. ४३ अंशांत नवी पेठेत खरेदी करणाऱ्याला कळसूबाईचं ऊन ते काय! १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. भर दुपारी शिड्यांचं लोखंड तापलेलं असताना हात लावून पाहाच. आपण सोलापूरचं ऊन रसवंतीच्या आडोशाला उभं राहून सोसतो, ही किरकोळ बाब झाली.

राहिला हिवाळा. वाटा कोरड्या, हवा स्वच्छ, दूरपर्यंत दिसतं, म्हणजे रीलला ढग नाहीत. शिवाय जानेवारीत आपली गड्ड्याची जत्रा असते. हिवाळा रद्द.

थेट हिमालयात निघालात तर केदारकंठा घ्या, १२,५०० फूट. उंचीचा त्रास तब्येत पाहून होत नाही, हळूहळू चढलं तरच तो टळायची शक्यता असते, असं डॉक्टर सांगतात. पण साहेबांनी रजाच मोजकी दिली, त्याला डॉक्टर काय करणार?

निघताना आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देईल. ती प्रवासात विटत नाही, पोटाला आधार देते, फोटोत मात्र गावंढळ दिसते. वेफर्स घ्या.

आणि धुक्यात वाट चुकलीच तर घाबरू नका. फोनला रेंज असेल तर खालच्या वाडीत निरोप जाईल. माणसं दिवसभर भातलावणी करून वाकलेली असतील, तरी विजेऱ्या घेऊन वर येतील आणि तुम्हाला हाताला धरून उतरवतील. घरी आल्यावर रीलमध्ये त्यांचा 'लोकल सपोर्ट' म्हणून उल्लेख करा. आणि श्रेणी 'कठीण' लिहायला विसरू नका.