म्हणे, पाहिजे तेवढंच ऐकू येतं!

आज सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक आजोबा, पंचाहत्तरीच्या पुढचे. काउंटरवरच्या मुलीने तोंडावर मास्क आणि नजर स्क्रीनवर ठेवून एक नाव तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही, पुढचं नाव आलं. तासाभराने हे आजोबा विचारायला गेले तेव्हा कळलं, ते नाव त्यांचंच होतं. "तीनदा ओरडले मी, लक्ष कुठे असतं तुमचं?" मुलगी म्हणाली. इथवर ठीक होतं, तीही दमलेली असणार. पण तेवढ्यात बाहेर फोनवर बोलत असलेला त्यांचा मुलगा आत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला, "त्यांना ना, पाहिजे तेवढंच ऐकू येतं!"

अख्खी खोली हसली. मीही ओठ ताणून हसल्यासारखं केलं. डोक्यात तिडीक गेली आहे ती बहुतेक माझ्या त्या हसण्याची.

कारण हे वाक्य आमच्या घरात नऊ वर्षं रोज म्हटलं जायचं. बाबांबद्दल. आणि आम्ही सगळे शिकलेले बरं का.

बाबांकडे एक डिजिटल मनगटी घड्याळ होतं. दर तासाला टिट्-टिट् वाजायचं. रात्री दोनला, तीनला, पहाटे चारला. आम्ही सांगायचो, "बाबा, ते वाजणं बंद करा हो." ते घड्याळ कानाशी धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "बंदच आहे." आम्हाला वाटायचं, हट्ट. एकदा दादा वैतागून म्हणाला, "खोटं तरी बोलू नका." बाबा काही बोलले नाहीत. उठून खोलीत गेले.

एवढं असूनही आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कान आले नाहीत. का, तर बाबांना ऐकू यायचं की! समोर बसून एकट्याशी बोललं तर सगळं यायचं. दार आपटलं तर दचकायचे. दादाचा आवाज कळायचा, माझा कळायचा नाही, नातवंडांचा तर अजिबात नाही. मग काय, "आम्ही बोललो की बरं ऐकू येत नाही!" चार माणसं एकत्र बोलायला लागली की ते हो हो करत मान हलवायचे आणि थोड्या वेळाने उठून जायचे. आम्ही ठरवून टाकलं, माणूसघाणे झाले.

पुढे उत्तरं चुकायला लागली. साठ म्हटलं की ते आठ धरायचे. विचारावं एक, सांगायचे भलतंच. दादा म्हणाला, विसरायला लागलेत, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू. नेलं. त्या भल्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "यांचे कान कधी तपासलेत?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. साखर, रक्तदाब, डोळे, हृदय, सगळ्याच्या फायली होत्या. कानाचा एक कागद नव्हता.

तपासणी अर्ध्या तासाचीसुद्धा नाही. आवाजबंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. टिट् ऐकू आलं की दाबायचं. सुई नाही, उपाशी राहणं नाही. मी काचेतून बघत होते. सुरुवातीच्या खालच्या, घोगऱ्या आवाजांना बाबा पटापट बटण दाबत होते. मग अंतर वाढत गेलं. मग ते नुसतेच बसून राहिले. अंगठा बटणावर तयार, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, आणि काहीच येत नाहीये. आवाज चालू होते. फक्त त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांना, सगळं वर, जवळजवळ नॉर्मल. २००० हर्ट्झच्या (आवाजाची पट्टी यात मोजतात) पुढे कडा कोसळल्यासारखा उतार. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावलं: आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना जोरही असतो, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. स, श, फ, थ हे बारीक आणि वरच्या पट्टीतले. वयाबरोबर आधी वरची पट्टी जाते. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते गळून जातं. बायकांचे आणि मुलांचे आवाज कळणं आधी अवघड होतं, गोंगाटात तर विचारूच नका.

म्हणजे बाबांना खरंच "तेवढंच" ऐकू येत होतं. कुठलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं, एवढंच. आणि बऱ्याचशा डिजिटल घड्याळांची टिट्-टिट् असते साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. कागदावर नेमक्या त्या जागी बाबांच्या फुल्या तळाला गेलेल्या होत्या.

खोटं तरी बोलू नका म्हणे.

कानाचं मशीन आलं. पहिला दीड महिना ते ड्रॉवरमध्येच होतं, हेही सांगते, नाहीतर मशीनवाल्यांची जाहिरात करतेय असं वाटेल. भांडी, नळ, पंखा, कागदाची चुरचुर, सगळं अंगावर येतं म्हणायचे. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, वर्षानुवर्षं न आलेले आवाज एकदम आत शिरतात. मशीन महाग असतं, मान्य. सगळ्यांना परवडत नाही, मान्य. पण प्रत्येकाला मशीनच लागतं असं कुठे आहे? कित्येकदा नुसता मळ साठलेला असतो, तोही आपणच काडी घालून आत ढकललेला. आणि एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर "दडा बसलाय, सुटेल" म्हणत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यातले काही कान वेळेत औषध मिळालं तर वाचतात.

परत बाबांकडे येते. एका दुपारी चार वाजता ते खोलीतून बाहेर आले. हातात घड्याळ. "हे वाजतंय," म्हणाले. कुणी काही बोललं नाही. तिथेच उभे राहून, बारीक बटण नखाने दाबत, त्यांनी ते बंद केलं. मग म्हणाले, "नऊ वर्षं झोपू दिलं नाही की मी तुम्हाला."

मला अजून हे नीट सांगता येत नाही कुणाला.

बाबा जाऊन आता दोन वर्षं होतील. मशीन लावून त्यांना चार वर्षं मिळाली.

आता कुणीतरी हुशार येऊन सांगेल की ज्यांना काही तक्रार नाही अशा सगळ्यांची सरसकट तपासणी करावी याला पुरेसा पुरावा नाही, अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये तसं म्हटलंय. बरं, म्हटलंय. पण तक्रार करणार कोण हो? जो आवाज येतच नाही तो येत नाहीये हे माणसाला कळणार कसं? तक्रार घरचे करतात, आणि तीही माणसाची करतात, कानाची नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात, गेल्या की परत उगवत नाहीत. पन्नाशीपर्यंत दहा वर्षांतून एकदा आणि नंतर दर तीन वर्षांनी कान तपासून घ्या असं कानवाले सांगत आलेत. चष्म्याचा नंबर आपण याहून जास्त वेळा काढतो. चष्मा लावला की माणूस अभ्यासू दिसतो, मशीन लावलं की म्हातारा, हे कुणी ठरवलं देव जाणे.

आणि मी? एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही मी सहा वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात गेले. आवाजबंद खोलीत स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येते, दोनदा तर आवाज नसतानाच बटण दाबलं. उजवा कान ठीक. डाव्याला ४००० हर्ट्झवर एक खड्डा. मोठ्या आवाजाचा मार आधी तिथेच दिसतो, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. आयुष्यभर फोन नाहीतर इअरफोन, जे काही असेल ते डाव्या कानाला. कशामुळे झालं ते नक्की सांगता येणार नाही, पण हा कागद आता पुढच्या कागदाशी ताडून बघता येईल. बाबांचा पहिला कागद निघाला तेव्हा ताडून बघायला काहीच नव्हतं.

घरी येऊन पहिलं काम केलं ते घड्याळ शोधण्याचं. सेल संपलेला आहे. नवीन टाकायचं धाडस अजून झालेलं नाही.

दादा आता चौपन्नचा आहे. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, आणि वहिनी परवा हसत म्हणाली, "यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." त्याची शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. दोनदा फोनवर सांगितलं. दोन्ही वेळा "हो हो" म्हणाला.