स्वेच्छेने व आनंदाने

आईवडिलांचं घर विकायचं ठरवलंत? अभिनंदन. पुढचे आठ-दहा महिने तुम्हाला दुसरा कुठलाही छंद लागणार नाही. मी नुकतीच यातून बाहेर पडले आहे. कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाबांनी 1984 साली घेतलेला ब्लॉक. (तेव्हा त्याला फ्लॅट म्हणत नसत.) गेल्या गुरुवारी जे झालं त्यानंतर चार लोकांना मार्गदर्शन केल्याशिवाय मला झोप लागेल असं वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे. वही-पेन घ्या.

आधी घराला रंग द्या. चांगला, महागातला. बघायला येणारा पहिला माणूस त्या ओल्या भिंतीवर टिचकी मारून बायकोला सांगेल, "ही तर पाडायचीच आहे."

सामान हलवा. पाटा-वरवंटा सगळ्या नातेवाइकांना आठवण म्हणून हवा असतो. तीन मजले उतरवायचा आहे म्हटलं की एकालाही नको असतो. बाबांनी 1984 पासूनची लाइटबिलं वर्षवार सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली होती. ती रद्दीवाल्याने किलोवर नेली. वजन करताना काट्याकडे बघू नका, एवढाच सल्ला.

भाव किती सांगायचा ते शेजाऱ्यांना विचारा. मागचा ब्लॉक कितीला गेला हे प्रत्येकाला नक्की माहीत असतं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

एजंट एक धरू नका, अकरा धरा. एकाला सांगितलंत तरी अकराच होतात, मग आपणहून सांगितल्याचं समाधान तरी घ्या. हे लोक कधीच "गिऱ्हाईक" म्हणत नाहीत, "पार्टी" म्हणतात. "मॅडम, पार्टी खाली उभी आहे, पाच मिनिटांत दाखवता का?" तुम्ही ठाण्यात असता, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीवर. पार्टी तशीच उभी राहते आणि मग निघून जाते, त्याचा ठपका तुमच्यावर. घराचं क्षेत्रफळ विकताना कार्पेटवर (भिंतींच्या आतलं) मोजलं जातं, विकत घेताना सेलेबलवर (भिंती-जिना धरून), आणि घर तेवढंच राहतं. दोन्हीकडून एकेक टक्का मात्र पूर्ण रकमेवर मोजला जातो.

येणाऱ्यांचं स्वागत हसून करा. मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन ते आधी संडासाकडे जातील, जाऊ द्या. ईशान्येला निघाला तर तुमचं नशीब. एका गृहस्थांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "इथे कोणी... म्हणजे... गेलंय का?" म्हटलं, हो, दोघंही. आई पहाटे झोपेत गेली, याच खोलीत, एक्याऐंशी वर्षांची होऊन. ते दोन मिनिटं गंभीर झाले. मग म्हणाले, "मग पाच लाख कमी होतील ना?"

आषाढात टोकन होत नाही, पितृपंधरवड्यात होत नाही, अधिक महिन्यात तर नाहीच. उरलेल्या दिवसांत मार्केट डाऊन असतं.

पैशाचं बोलणं निघालं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो. "चेकचे किती आणि वरचे किती?" तुम्ही म्हणता, सगळे चेकचे. तो तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की जणू तुम्ही जेवायला बोलावून उपासाचं ताट वाढलं. "तुमचाच टॅक्स वाचतोय मॅडम." त्याची मुद्रांक शुल्काची बचत होते हे तो सांगत नाही. घरव्यवहारात 20,000 च्या वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हेही नाही सांगत. आमच्याकडचे असे एक जण देशातल्या भ्रष्टाचारावर पाऊण तास बोलून मग साठ टक्के चेकचे, चाळीस टक्के वरचे, यावर आले होते.

कागदपत्रं शोधा. 1984 चा करारनामा सापडेल, पण त्यावरचा मुद्रांक पुरेसा निघणार नाही. अशा जुन्या दस्तांसाठी सरकारने 2023 च्या डिसेंबरात अभय योजना आणली होती, दंडात सवलत वगैरे. ती तुम्हाला ती संपल्यावर कळेल. बहीण न्यू जर्सीहून पंधरा दिवसांसाठी येईल, तेव्हा हक्कसोडपत्र उरकून घ्या. म्हणजे तिला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर साडेचार तास बसवून मायदेशाची आठवण ताजी करता येईल. सर्व्हर डाऊन.

कराची काळजी करू नका, सीए आहे. तो एवढंच विचारेल की 1 एप्रिल 2001 रोजी तुमच्या घराची किंमत काय होती. मग त्यावरून नफा काढायचा आणि त्यावर कर महागाई धरून 20 टक्के की न धरता 12.5 टक्के, यातला जो कमी येईल तो. 2001 साली कोथरूडला काय भाव होता हे व्हॅल्युअर सोडून कोणालाच आठवत नाही. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बायकांसाठी खास टीप. सरकार घर विकत घेणाऱ्या बाईला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देतं, पुण्यात 7 ऐवजी 6. विकणाऱ्या बाईला मिळतो तो प्रश्न: "मिस्टर नाही आले?"

आता सोसायटी. इथे जरा नीट बसा.

घेणारं जोडपं चांगलं मिळालं. तिशीतले दोघं, लहान मुलगा, जूनमध्ये त्याची जवळच्या शाळेत अॅडमिशन. होकायंत्र नाही, वरचे नाहीत. त्यांच्या बँकेला सोसायटीचं ना हरकत हवं होतं, बस. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, म्हणतात की घर हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकतीची गरजच नाही. पण उपविधी कर्ज देत नाहीत, बँक देते. म्हणून तुम्ही अर्ज करता. मग वाट बघता. अध्यक्ष गावाला असतात, सेक्रेटरींचा गुडघा असतो, खजिनदार "माझ्या हातात काही नाही" म्हणतात. पाच आठवडे गेले की कर्जमंजुरीची मुदत जवळ येते आणि तेव्हा बरोबर फोन येतो, "गुरुवारी साडेसातला या. पार्किंगमध्येच बसू."

प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या होत्या. चहा होता. अध्यक्षांनी आधी बाबांची आठवण काढली. "असा माणूस होणे नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मग घडी घातलेला एक कागद माझ्याकडे सरकला. विकास निधी, रुपये 2,00,000.

बाबा त्या सोसायटीचे चौदा वर्षं सेक्रेटरी होते. बिनपगारी, अर्थातच. 9 ऑगस्ट 2001 रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढलं की हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000 रुपये अधिमूल्य (म्हणजे प्रीमियम) घ्यावं. देणगी, निधी, वर्गणी अशा दुसऱ्या कुठल्याही नावाने वर काही घेऊ नये. बाबांनी त्याची झेरॉक्स आणली आणि जिन्याखालच्या काचेच्या फळ्यात लावली. सोसायटीला तेव्हा पाण्याच्या टाकीसाठी पैसे हवे होते, म्हणून लोक त्यांच्यावर चिडले होते. महिनाभर आमच्याकडे कोणी साखर मागायलाही आलं नाही. त्यांनी झेरॉक्स काढली नाही. तो फळा अजून आहे. आता त्यात योगवर्गाची जाहिरात आहे.

मी मोबाइलवर ते परिपत्रक उघडून दाखवलं. सेक्रेटरी वाकून बघतही नव्हते. "ते सरकारचं झालं, ताई. ही आपली सोसायटी आहे." दुसरे म्हणाले, "सगळेच देतात." तिसरे, "स्वेच्छेनेच द्यायचे आहेत, जबरदस्ती नाही." नाही दिले तर? "मग पुढच्या मीटिंगला विषय ठेवू." पुढची मीटिंग कधी? अध्यक्षांनी विचार केला. "बघू, गणपतीनंतर."

यांना नियम माहीत नाहीत असं समजू नका. चांगले माहीत आहेत. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, निकालही बहुधा आपल्या बाजूने लागतो, हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्याला किती महिने लागतात हेही ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, कर्जाची मंजुरी संपते, घेणारा दुसरं घर बघतो. सगळा धंदा या तारखांवर चालतो. "जावईबापूंना पाठवा, आम्ही त्यांना समजावून सांगतो," असंही एक जण म्हणाले. घर माझ्या नावावर आहे.

राहू दे तो सल्ला आता. अहो, लाज कशी वाटत नाही? रात्री दोन वाजता पंप जळाला तेव्हा पायजम्यावर खाली उतरून वायरमनला उठवून आणणारा माणूस कोण होता? तुमच्या आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा कोणी थांबवली? तुमच्या मुलीच्या लग्नाचे पाहुणे तीन दिवस कोणाच्या हॉलमध्ये झोपले? तेव्हा कुठला विकास निधी कापला होता त्यांनी तुमच्याकडून? आणि चहा पाजून, त्यांचंच नाव घेऊन, त्यांच्याच मुलीकडे हात पसरता? पसरता तर पसरता, वर "स्वेच्छेने" म्हणता! खंडणी मागणारा निदान तोंड बांधून येतो. तुम्ही ठराव करून येता, इतिवृत्तात लिहून येता, सूचक आणि अनुमोदकासकट.

आणि वाचणारे, तुम्ही मान डोलावू नका. त्या सहा खुर्च्यांना ताकद कोण देतं? वार्षिक सभेत "विकणाऱ्याकडून घ्या की, आपल्या खिशातून कुठे जातंय" असं कोणीतरी म्हणतं आणि बाकीचे समोशाची प्लेट डाव्या हातात घेऊन उजवा वर करतात, ते तुम्हीच. विकणारा निघूनच चाललेला असतो, त्याचं मत मोजायचं कोणाला? उद्या तुमच्या पोरांना तुमचा ब्लॉक विकायचा असेल. ती तिथेच, त्याच पार्किंगमध्ये बसतील.

मीही हात वर केला होता. 2019 साली, ठाण्यात, आमच्या सोसायटीच्या सभेत. लिफ्ट बदलायची होती. दुसऱ्या मजल्यावरची एक विधवा बाई घर विकून मुलाकडे चालली होती. किती घेतले तिच्याकडून ते मला आठवत नाही, कारण मी विचारलंच नाही.

गुरुवारी मी चेक दिला. दोन लाखांचा, जोडप्याला न सांगता. सेक्रेटरींनी टाइप करून आणलेलं पत्र पुढे केलं. "मी खाली सही करणारी, सदनिकेची विक्रेती, संस्थेच्या विकासासाठी रु. 2,00,000 स्वच्छेने व आनंदाने देत आहे." स्वच्छेने. मात्रा राहिली होती. बाबांनी लाल पेनने गोल करून कागद परत पाठवला असता, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत सही केली नसती.

मी पेन मागितलं. निळं होतं. सही केली आणि जिना चढायची सवय असल्यामुळे उगाच वरच्या मजल्याकडे बघितलं.