वेल्सचा महामार्ग कुणी रोखला?
आरेच्या झाडांसाठी झटणाऱ्या मुंबईतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'भावी पिढ्यांसाठी लढणाऱ्या एनजीओच्या प्रमुख सोफी हाउ यांनी नकाराधिकार वापरून वेल्सचा एम-४ महामार्ग रोखला.' हे चुकीचं आहे. हाउ एनजीओच्या प्रमुख म्हणून नव्हे, वेल्सच्या २०१५ च्या कायद्याने निर्माण झालेल्या 'भावी पिढ्यांचे आयुक्त' या सरकारी पदावरून बोलत होत्या. मार्च २०२३ पासून तिथे डेरेक वॉकर आहेत. नकाराधिकार या पदाला नाहीच. आयुक्त सल्ला देतात, आढावा घेऊन शिफारशी करतात. सरकारी संस्थेने शिफारस डावलली तर तिला कारणं जाहीर करावी लागतात, आणि खरी ताकद तिथेच आहे. न्यूपोर्ट शहराजवळ एम-४ ला पर्याय म्हणून आखलेल्या या नव्या रस्त्याला हाउ यांनी उघड विरोध केला, तो मोलाचाच. पण जून २०१९ मध्ये प्रकल्प गुंडाळला तो वेल्सचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, मार्क ड्रेकफर्ड यांनी. खर्च आणि पर्यावरणाची हानी, दोन्ही पाहून. चुकीच्या दाखल्याने आपलीच बाजू लंगडी पडते. मेसेज जिथे टाकलात, तिथे हा खुलासाही टाका.