गावात एकोपा होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

मंडळी, आपले नेते भांडणात कमी पडू लागलेत, हे आता कबूल करायला हवं. 2019च्या नोव्हेंबरपासून 2024च्या डिसेंबरपर्यंत महाराष्ट्राने मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा ऐकल्या. त्यातली पहिली 23 नोव्हेंबरला सकाळी, आमच्याकडे डेअरीच्या रांगेत किटल्या वाजत असताना उरकली आणि चौथ्या दिवशी ते सरकार गेलंसुद्धा. पुढच्या वर्षांत दोन पक्षांचे चार झाले. धनुष्यबाण एका घरात, मशाल दुसऱ्या. घड्याळ एकाकडे, तुतारी दुसऱ्याकडे. एवढ्या उलथापालथीत कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसायचं राहून गेलं असेल, तर मला जरूर कळवा. वहीत लिहून ठेवतो.

म्हणजे वरून भांडणाचा पुरवठा बंद झालाय. आता जे काही शिल्लक आहे ते गावपातळीवर, तुमच्या-माझ्यासारख्यांनी उन्हातान्हात जपलेलं. ते पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट द्यायचं असेल तर काही पथ्यं पाळावी लागतील. मी या क्षेत्रात वीस वर्षं आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

नेत्यांचं वागणं बघून नाउमेद होऊ नका. परवा आमच्या भावकीतल्या एका लग्नाला दोन्हीकडचे नेते आले. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा होता, पण एकाची गाडी घाटात अडकली म्हणून सव्वा वाजेपर्यंत अंतरपाट धरून ठेवला. भटजींनी मंगलाष्टकं दोनदा म्हटली. मग दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं. फेटे, शाल, श्रीफळ. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तर दुसरा असा हसला की फेटा कपाळावर आला. पहिल्याने तो आपल्या हाताने सारखा करून दिला. आम्ही मात्र मांडवात डावीकडे एक गट, उजवीकडे एक. पंगतीसुद्धा वेगळ्या, बुंदी तेवढी एकाच कढईतली. याला म्हणतात शिस्त. फेटे सावरायचं काम त्यांचं, तोंडं फिरवायचं आपलं.

कुणी कायद्याचा मुद्दा काढेल. त्याला सांगा, पक्षांतरबंदी 1985 साली राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत आली ती आमदार-खासदारांसाठी. त्यातही दोन तृतीयांश जण दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला कबूल झाले की अपात्रता टळते. तुम्हाला ही सवलत नाही. घरातल्या सहापैकी चार माणसांना शेजाऱ्याशी बोलावंसं वाटलं म्हणून बोलणं सुरू करता येत नाही. आईने पलीकडच्या घरी वाटीभर कालवण पाठवलं तर ते पक्षविरोधी कृत्यच समजायचं. वाटी परत येताना रिकामी येत नाही, हे लक्षात ठेवा. तीत लिंबाचं लोणचं येतं आणि तिथून सगळं बिघडत जातं.

आमच्या गावाला साडेतीनशे उंबरा. डेअऱ्या दोन, तालमी दोन, गणपती मंडळं दोन, पतसंस्थाही दोन. म्हशीला पक्ष नसतो, तरी तिच्या दुधाची फॅट, जिच्यावर दर ठरतो, ती एका डेअरीत सहा लागते आणि दुसरीत सहा-आठ, म्हणजे सहा पॉइंट आठ. माझी म्हैस गेली बारा वर्षं सहावरच आहे, कारण सहा-आठवाली डेअरी त्यांची. बायको म्हणते, जरा तिकडं घालून बघा. मी म्हणतो, लिटरमागं चार पैशांसाठी विचार सोडू? ज्यांनी विचार सोडले त्यांना मंत्रिपदं तरी मिळाली. मला काय, पेंडीचं पोतं मिळणार?

सगळ्यांत जपायचं ते अंगमेहनतीच्या कामापासून. 2016 साली पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायची स्पर्धा, कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि ते लोण पुढं पसरत गेलं. आमच्याकडेही आलं. पहिल्या रात्री मशाल फेरी काढली होती. तेव्हा मशाल हे कुणाचं चिन्ह नव्हतं, म्हणून दोन्ही आळ्या आल्या. आज काढून बघा. आधी तासभर खल होईल की मशाल धरायची का बॅटरी.

तर घमेल्यांची रांग. ही फार घातक गोष्ट आहे. डोंगराच्या उताराला पाणी अडवायला सलग समतल चर खणायचे असतात. खाली टिकाव चालतो, माती घमेल्यात भरली जाते आणि हातोहात बांधापर्यंत जाते. रांगेत आपल्या शेजारी कोण येणार हे आपल्या हातात नसतं. भरलेलं घमेलं एकदा अंगावर आलं की ते पुढच्याला द्यावंच लागतं. तो कुठल्या पॅनेलचा, हे विचारायला उसंत नसते. माझ्या डाव्या हाताला तो उभा होता, ज्याच्याशी बांधाच्या वादावरून अकरा वर्षं माझं बोलणं नव्हतं. पहिल्या दिवशी तो मुकाट घमेलं सरकवायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "धर." तिसऱ्या दिवशी, "जपून, दगड हाय." बघा, माणूस कसा घसरत जातो. बांधाचा दावा अजून तालुक्याला चालूच आहे. तारखेला आता आम्ही एकाच मोटारसायकलवरून जातो. येताना पेट्रोल मी टाकतो.

ग्रामसभेला जायचं नाही, हे तर ठरलेलंच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, ही कायद्याने आपल्याला दिलेली मोठी अडचण आहे. नशीब, निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापले सरपंच मोजतात. सगळ्यांचे आकडे मिळवले तर राज्यात गावांपेक्षा सरपंच जास्त निघावेत. पण ग्रामसभा वाईट. तिथं गावातला प्रत्येक मतदार सदस्य असतो आणि कुणालाही उठून हिशेब विचारता येतो. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नाही. ही सोय ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार. तुम्ही घरी बसा. नंतर शिपाई वही घेऊन येतो, सही करा आणि मग पारावर बसून म्हणा, गावाला कुणी वाली नाही.

आणि गडचिरोलीकडच्या गोष्टी मुलांना सांगू नका. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा म्हणून गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. तिथं बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाला पटलं नाही तरी विषय थांबतो, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आपल्याकडे हे परवडेल का? आपल्याकडे बहुमत आहे म्हणून तर निम्म्या गावाला हरवता येतं. त्या लोकांनी अभ्यासगट काढले, वनहक्क कायदा वाचून काढला आणि 2009 साली अठराशे हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. पुढं बांबू स्वतः विकू लागले. एवढ्या वेळात आपण किती पोस्टर फाडले असते!

मधल्या मध्ये एक गैरसमज दूर करतो. 'बिनविरोध' या शब्दाला घाबरू नका, तो नेहमीच एकोप्याचा नसतो. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं सरपंचपदाची बोली लागली, म्हणून राज्य निवडणूक आयोगाने 2021च्या जानेवारीत तिथल्या निवडणुका रद्द केल्या. देवळाला वर्गणी द्यायची आणि गावाचं तोंड बंद करायचं, हा प्रकार दिसायला एकोप्यासारखा असतो, पण आपल्या कामाचा आहे. तेव्हा सगळीच शांतता मोडायची गरज नाही. विकत घेतलेली चालते. ज्यात विरोधकाला तोंडावर "तुझं हे चूक" म्हणता येतं आणि तरी संध्याकाळी तो चहाला थांबतो, ती शांतता मोडायची.

आमच्या गावात ती कशी शिरली ते सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल.

शाळेच्या वाटेवर ओढा आहे. त्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, तीन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेली. आमच्या नेत्याने येऊन भूमिपूजन केलं, नारळ फोडला, फलक लावला. चार महिन्यांनी त्यांच्या नेत्याने येऊन भूमिपूजन केलं, नारळ फोडला, आमच्या फलकाच्या पुढ्यात वीतभर मोठा फलक लावला. मग दोघं एकाच युतीत गेले. आता कुणाचा फलक काढायचा हे ठरेना, म्हणून कामाची फाइल तालुक्याच्या टेबलावर पडून राहिली. जिल्हा परिषदेवर तेव्हा प्रशासक, त्यामुळे दाराशी जाऊन ओरडायला सदस्यही नाही. पोरं आपली दप्तर डोक्यावर घेऊन ओढ्यातून जायची. बरं चाललं होतं. दोन्ही फलकांवर मोऱ्या होत्याच की.

मग एका पावसाळी सकाळी दुसरीतली एक पोरगी घसरली. ती आमच्या आळीची, बखोट धरून बाहेर काढली त्यांच्या आळीच्या म्हाताऱ्या आबांनी. आबा रात्री आमच्या पारावर आले. बारा वर्षांत पहिल्यांदा. कुणी बस म्हणालं नाही तरी बसले आणि म्हणाले, "फलक ऱ्हाऊ द्या दोन्ही. पाइप कुठनं आणायचं ते बोला."

इथं माझ्यासारख्या अनुभवी माणसाने बैठक उधळायला हवी होती. मी प्रयत्न केला. विचारलं, पैसे कुणाकडं ठेवायचे? या प्रश्नावर भलेभले मोडतात. त्यांचा माणूस आम्हाला चालेना, आमचा त्यांना. तेवढ्यात बचत गटाच्या काकी म्हणाल्या, आमच्याकडं ठेवा, आमचं रजिस्टर रोज लिहितो आम्ही. काकी दोन्ही आळ्यांच्या. माहेर वरचं, सासर खालचं. घरटी तीनशे रुपये ठरले. रोजचा हिशेब शाळेच्या भिंतीवर डकवायचा: डिझेल इतकं, मुरमाच्या ट्रॉल्या इतक्या, बिड्या ज्याने त्याच्या. भिंतीवर हिशेब लावू नका हो कधी. लोक उभं राहून वाचतात आणि संशयाला जागाच उरत नाही.

दुसरा नियम आबांचा. कामावर झेंडा, टोपी, मफलर आणायचं नाही, मोबाइलवर फोटो काढायचा नाही आणि नेत्याचं नाव काढायचं नाही. जो काढील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्याच दिवशी मी तीनदा पाजला. चव्वेचाळीस कप. चौथ्या वेळेला नाव जिभेवर आलं होतं, पण काकींनी किटलीकडे बघितलं आणि मी गप्प झालो. तुम्हाला सांगतो, नेत्याचं नाव न घेता दोन तास काढले की काय बोलायचं हेच सुचत नाही. मग माणूस पावसाबद्दल बोलतो, पोराच्या नोकरीबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो. समोरच्याचाही गुडघा दुखत असतो.

मनं जुळली वगैरे समजू नका. तसलं काही झालं नाही. मतदानाला तो त्याच्या चिन्हावर शिक्का मारणार, मी माझ्या. (शिक्का जाऊन बटण आलं, पण आमच्या तोंडात शिक्काच आहे.) चौथ्या दिवशी पाइप किती खोल घालायचे यावरून असं जुंपलं की शेजारच्या वाडीचे लोक बघायला आले. पण भांडण पाइपाचं होतं. त्यात कुणी कुणाचा बाप काढला नाही, 2022 साली कोण कुठं पळालं हेही काढलं नाही. एवढं मुद्द्याला धरून भांडताना मी गावाला कधी बघितलं नव्हतं. मला काळजी वाटली.

चार पाइप बसलेत. फलक दोन्ही अजून उभे आहेत. त्यांच्या लोखंडी खांबांना दोर बांधून पहिला पाइप खाली सोडला, तेवढा त्यांचा उपयोग झाला. दोन्ही नेत्यांच्या माणसांनी उद्घाटनाची तारीख विचारलीय. काकींनी दोघांनाही भिंतीवरचा कागद वाचून यायला सांगितलंय.

दोन्ही अंगांचा भराव तेवढा राहिलाय. उद्या सकाळी सहाला सुरू होईल. तुम्ही अजिबात येऊ नका. आलातच तर खोरं घरनं आणा, इथं दोनच धड आहेत. आणि रांगेत माझ्या डाव्या हाताची जागा सोडून उभे राहा, तिथं माणूस ठरलेला आहे.