‘मीलेस’ गेला कुठे? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सैनिकांच्या शब्दांवरचा माझा लेख तुम्ही इतका बारकाईने वाचलात आणि खोडूनही काढलात, त्याबद्दल मनापासून आभार. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, रोमानियन या लॅटिनच्या लेकी, आणि त्यांचे सैनिकी शब्द हा तिचाच वारसा, असं मी त्यात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: लॅटिनमध्ये सैनिकाला ‘मीलेस’ म्हणत, तो शब्द तिच्या एकाही लेकीच्या तोंडी नाही, मग वारसा कसला? शिवाय सैनिकासाठीचा इटालियन शब्द ‘सोल्दातो’ मिठावरून आला हे सगळ्यांना ठाऊक असताना तो एका नाण्यावरून आला अशी गोष्ट मी का सांगतो? आणि मराठी माणसाला याचं काय?

मिठाचं आधी. लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ. त्याचं इटालियनमध्ये ‘साले’ झालं, फ्रेंचमध्ये ‘सेल’, स्पॅनिशमध्ये ‘साल’च राहिलं. त्या ‘सा’चा ‘सो’ कुठेच झाला नाही. मिठाशी नातं आहे ते ‘सालारियुम’चं, म्हणजे पगारासाठीच्या लॅटिन शब्दाचं. ते नाव मिठावरून पडलं असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पण सैनिकाला मीठ मोजून देत, असं तो म्हणत नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य तुकडीतल्या, साध्या सैनिकाला वर्षाला 225 देनारी (चांदीची नाणी) मिळत, तेही तीन हप्त्यांत, आणि त्यातूनच खाण्याचे आणि कपड्यांचे पैसे कापून घेत.

‘सोल्दातो’ आला ‘सोलिदुस’वरून. सोलिदुस म्हणजे भरीव. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने या नावाचं सोन्याचं नाणं काढलं. एका रोमन पौंडात 72 नाणी, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. इटालियनमध्ये त्याचं ‘सोल्दो’ झालं, त्यावरून ‘सोल्दारे’ म्हणजे पगारावर ठेवणं, आणि ‘सोल्दातो’ म्हणजे पगारावर ठेवलेला. इटलीत आजही पैशांना ‘सोल्दी’ म्हणतात. स्पेनमध्ये ‘सुएल्दो’ म्हणजे पगार, मग तो शिक्षिकेचा असो की बँकेतल्या कारकुनाचा.

वारशाबद्दल मात्र तुम्ही माझी खरी चूक पकडलीत. फ्रेंचलाही सैनिकासाठीचा ‘सोल्दा’ हा शब्द थेट लॅटिनकडून मिळाला असं मी लिहिलं होतं, आणि ते साफ चुकीचं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा ‘ल’ विरघळून ‘उ’ झाला. लॅटिन ‘काल्दुस’ म्हणजे गरम. इटालियनमध्ये ‘काल्दो’, फ्रेंचमध्ये नुसतं ‘शो’. त्याच वाटेने सोलिदुसचा ‘सू’ (फ्रेंच नाणं) झाला, आणि पगारी सैनिकाचा ‘सूदार’. मग आजच्या ‘सोल्दा’मध्ये तो ‘ल’ एवढा ठणठणीत कसा? कारण हा शब्द उशिरा आला. सोळाव्या शतकात फ्रेंच फौजा इटलीत लढत होत्या, तेव्हा तो तिकडून उचलला गेला. कर्नलचा ‘कोलोनेल’ आणि पायदळाचं ‘आंफांतरी’ हेही त्याच शतकातले इटालियन पाहुणे.

आणि मीलेस? मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घोडेस्वार सरदार असा झाला. पण हे कागदावर. बोलीत त्या सरदाराला घोड्यावरूनच नाव मिळालं: फ्रेंचमध्ये ‘शव्हालिए’, स्पॅनिशमध्ये ‘काबायेरो’. त्यांच्या मुळाशी असलेला ‘काबाल्लुस’ म्हणजे लॅटिनमधला साधा, कामाचा घोडा.

खरा वारसा बघायचा तर रोमानियनकडे जावं. मूळ लेखात मी तिला दोन ओळींत उरकलं, ही माझी दुसरी चूक. ‘वेतेरानुस’ म्हणजे सेवा पुरी केलेला सैनिक. रोमानियनमध्ये त्याचा ‘बत्रिन’ झाला, आणि बत्रिन म्हणजे म्हातारा. कुणीही म्हातारा, ज्याने जन्मात तलवार धरली नाही असासुद्धा. मला हा शब्द फार आवडतो. दुसरा ‘होस्तिस’. रोमन वक्ता सिसेरो सांगतो, की याचा जुना अर्थ परका माणूस. मग तो शत्रू झाला आणि पुढे चक्क सैन्य. स्पॅनिशमध्ये ‘उएस्ते’, रोमानियनमध्ये ‘ओआस्ते’. त्यावरूनच रोमानियनमध्ये सैनिकाला ‘ओस्ताश’ म्हणतात.

राहिला मराठी माणूस. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे, म्हणजे शांत करणं. दारात उभ्या घेणेकऱ्याला शांत करणं म्हणजे त्याचे पैसे चुकते करणं, असा तो अर्थ सरकला. आपल्या बंदुकीचं काडतूसही पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरूनच आलं, आणि त्याच्या मुळाशी कागदाचा लॅटिन शब्द ‘कार्ता’ आहे, कारण दारू कागदाच्या पुंगळीत भरत.

फ्रेंचबद्दलचं ते वाक्य आज बदललं आहे. रोमानियनवर आता वेगळा लेख लिहायला घेतो आहे.